भिंत आणि गवंडी

मराठवाड्यातील जुन्या गावांत माळवदाची घरे अजूनही दृष्टीस पडतात. रस्त्याकडून पाहिले, तर दोन-अडीच हात जाडीची काळ्या दगडाची भिंत, तीत एक बुटका दरवाजा आणि क्वचित एखादा झरोका एवढेच काय ते दिसते. आत पाऊल टाकले म्हणजे लाकडी खांब, त्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर कडीपाट आणि त्या सर्वांच्या डोक्यावर मातीचा जाड थर, अशी छपराची रचना ध्यानात येते. दोन खांबांमधील अंतरास खण म्हणतात. अमक्याचे घर किती मोठे, हे पूर्वी खणांच्या संख्येवरून सांगत असत. वैशाखात बाहेर अंगाची लाही होत असली, तरी ह्या घरात गारवा असतो. थंडीत तेच घर ऊबदार वाटते. जाड भिंतीचा आणि मातीच्या छपराचा हा गुण कोणीही नाकारणार नाही.

ह्या भिंती बांधण्याची रीत साधी होती. बाहेरच्या बाजूस मोठ्या दगडांचा एक थर, आतल्या बाजूस दुसरा थर, आणि दोहोंच्या पोटात दगडांच्या चिपा व मातीचा गारा. छपराची रीत त्याहून सोपी. पावसाळ्याच्या तोंडी माळवद गळू नये म्हणून त्यावर पांढरी माती टाकावयाची आणि ती चोपून बसवावयाची. जुनी माती काढून टाकण्याची चाल मात्र नव्हती. आजोबांनी घातलेल्या मातीवर वडिलांनी घातली, वडिलांच्या मातीवर मुलाने घातली. आणि वीतभर जाडीचा थर पाहता पाहता हातभर झाला. कोरड्या मातीच्या एका घनमीटराचे वजन दीड टनाच्या आसपास भरते. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद अशा एका खोलीवर अर्धा मीटर माती असली, तर तेवढ्या छपराचा भार पंधरा टन होतो. इतके ओझे डोक्यावर घेऊन माणसे पिढ्यान्‌पिढ्या निश्चिंतपणे झोपत आली.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्याच्या सीमेवरील भूमी हादरली. आदल्या दिवशी गणेशविसर्जन झाले होते. रात्री उशिरा घरी परतलेली माणसे गाढ झोपेत होती. भूकंपाचे मान सुमारे ६·२ होते. जगात ह्याहून मोठे धक्के अनेकदा बसतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांत फारशी हानी होत नाही. परंतु किल्लारी, सास्तूर आणि तेरणेच्या खोऱ्यातील आसपासची गावे काही क्षणांत दगडमातीच्या ढिगाऱ्यांत गडप झाली. आठ हजारांच्या आसपास माणसे मृत्यू पावली. काही गणनांप्रमाणे हा आकडा दहा हजारांच्या जवळ जातो.

माणसे भूकंपाने मेली, असे आपण म्हणतो. खरे पाहता ती घराने मारली. जमीन आडवी हलू लागताच भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, कारण त्यांना बांधून ठेवणारा आरपार दगड भिंतीत कोठेच नव्हता. पोटातल्या चिपा खाली घसरल्या आणि त्यांनी दोन्ही थरांस फुगवून बाहेर ढकलले. दोन भिंती जेथे मिळतात, त्या कोपऱ्यांतही दगडांची गुंफण नव्हती. म्हणून कोपरे उभे चिरले. मातीच्या गाऱ्यात दगडास धरून ठेवण्याची शक्ती अल्प असते, आणि वरचे माळवद तर अनेक टनांचे. काही ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या आणि भिंती मात्र आतल्या माणसांवर ढासळल्या. ह्यावरून लाकडाच्या सांगाड्यात काही बळ होते हे उघड आहे. तरीही भूकंपानंतर लोकांचा दगडावरचा आणि लाकडावरचा विश्वास एकदम उडाला. सिमेंटची सपाट छते हवीत, अशी मागणी जो तो करू लागला. ही मागणी समजण्यासारखी होती, परंतु सर्वस्वी योग्य नव्हती. दोष दगडाचा नसून तो रचण्याच्या रीतीचा होता. आणि रीत चुकली, तर सिमेंटचे घरही पडते.

पुढे जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. अतिशय हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. ती वर्तमानपत्रांत गाजली. परंतु त्यांहून कितीतरी अधिक गावे अशी होती की, जेथे घरे पडली नव्हती, नुसती तडकली होती. ती पाडून नवी बांधणे परवडणारे नव्हते आणि आवश्यकही नव्हते. अशा घरांच्या दुरुस्तीचे व मजबुतीकरणाचे काम त्या कार्यक्रमाचा एक मोठा भाग होते. गावच्या गवंड्यांना नव्या रीतीचे शिक्षण देण्यात आले. गावोगावच्या स्त्रियांना संवाद-सहायक म्हणून नेमून घरोघरी माहिती पोहोचविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविण्यात आले. घरात अधिक काळ वावरते कोण, आणि कोठली भिंत पावसाळ्यात फुगते हे जाणते कोण, ह्याचा विचार करता ही योजना मोठी शहाणपणाची होती, ह्यात शंका नाही.

आता मजबुतीकरण म्हणजे नेमके काय, ते पाहू. पहिले काम छपराचे. माळवदावरची जादा माती उतरवून वीतभर थर तेवढा ठेवावयाचा, आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याखाली प्लास्टिकचा कागद अंथरावयाचा. छपराचा भार असा निम्म्याहून कमी होतो. दुसरे काम सांगाड्याचे. खांब आणि तुळई जेथे मिळतात, तेथे तिरपे लाकूड ठोकून तो सांधा पक्का करावयाचा. म्हणजे हादऱ्यात खांब कलंडत नाहीत. तिसरे काम भिंतीच्या दोन थरांना एकमेकांशी बांधण्याचे. नव्या भिंतीत हे काम लांब दगडांनी होते. भारतीय मानकाप्रमाणे उंचीच्या दर ६० सेंटिमीटरांस आणि लांबीच्या दर १·२ मीटरांच्या आत एक आरपार दगड असला पाहिजे. उभ्या भिंतीत आता दगड घालणार कसा? त्यासाठी बाहेरच्या अंगाने एखादा दगड हलकेच काढून भिंतीत आरपार छिद्र करतात, दोन्ही टोकांस वळविलेली लोखंडी सळई त्यात ठेवतात, आणि ते काँक्रीटने भरतात. काँक्रीट कठीण झाले की, तोच आरपार दगड होतो. चौथे काम पट्ट्यांचे. चौकटींच्या वरच्या अंगास आणि छपराच्या खाली भिंतीला सभोवार तारेची जाळी ठोकून तिच्यावर सिमेंटचा गिलावा करतात. पेटीला दोरी आवळून बांधावी, तसा हा पट्टा चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो. कोपऱ्यांवरही अशीच उभी जाळी लावतात.

हे वाचताना पुढील गोष्ट सहज निसटून जाते. माती उतरवावयाची, दगड काढावयाचा, छिद्र करावयाचे, गिलावा लावावयाचा, ही सर्व कामे कोणीतरी आपल्या हातांनी करीत असतो. भिंतीचे दुखणे ओळखणारी पुस्तके पुष्कळ निघाली. परंतु तीच भिंत दुरुस्त करणाऱ्या गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या शरीराचे काय होते, ह्याची विचारपूस घरमालक क्वचितच करतो. म्हणून ह्याच चार कामांकडे आता दुसऱ्या बाजूने, म्हणजे परांचीवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने, पाहिले पाहिजे.

छपरावरची माती उतरविताना बिगारी माळवदाच्या अगदी कडेला उभा राहून घमेली खाली रिकामी करतो. त्याच्या पायाखालचा कडीपाट शंभर वर्षांचा असू शकतो. वरून धड दिसणारी फळी वाळवीने आतून पोखरलेली असते. म्हणून काम आरंभण्यापूर्वी खालून प्रत्येक तुळई ठोकून पाहावी, आणि संशय येईल तेथे टेकू द्यावा. माती एका बाजूची सगळी आणि मग दुसऱ्या बाजूची, अशी काढू नये. दोन्ही बाजूंनी सारखी उतरवीत यावे. नाहीतर एकीकडे भार राहून सांगाडा कलतो. जुन्या भिंतींच्या सांदींतून विंचू निघतात हे खेड्यातल्या गवंड्यास सांगावे लागत नाही; तरी पायांत वहाणा न घालताच तो कामाला चढतो, ही मात्र नवलाची गोष्ट आहे.

भिंतीतून दगड काढण्याचे काम सर्वांत नाजूक. येथे अनुभवी आणि नवशिक्या गवंड्यांतील भेद स्पष्ट दिसतो. घरमालकाला घाई असते. “मिस्त्री, दोन घण घाला की, दगड लगेच निघेल,” असे तो म्हणतो. जाणता गवंडी हसून उत्तर देतो, “मालक, दगड निघेल, पण त्याच्याबरोबर शेजारचे चार येतील, आणि खाली मीच उभा आहे.” तो घण हाती घेत नाही. पहारीचे टोक सांदीत घालून दगड हळूहळू हलवितो, सैल करतो आणि उचलून बाहेर घेतो. शेजारशेजारची छिद्रे तो एका दिवसात करीत नाही. एक भरून कठीण झाले, म्हणजे जवळच्या दुसऱ्यास हात लावतो. ह्या रीतीने भिंत शाबूत राहते. शिवाय घणाच्या घावाने जी धूळ उडाली असती, तीही उडत नाही. भिंतीच्या हिताची आणि गवंड्याच्या हिताची रीत येथे एकच आहे.

धुळीचा विषय थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. धूळ म्हटली की, डोळ्यांना दिसणारी, अंगावर बसणारी, नाकात शिरून शिंक आणणारी धूळ आपल्या मनात येते. ती त्रासदायक खरी, परंतु प्राणघातक नव्हे. तिचे मोठे कण नाकातच अडकतात किंवा जमिनीवर बसतात. घात करते ती न दिसणारी धूळ. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन धरली, तर ह्या धुळीचा कण पाच मायक्रॉनांहूनही लहान असतो. तो तासन्‌तास हवेत तरंगतो, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशापर्यंत जातो. कण गारगोटीचा, म्हणजे स्फटिकरूप सिलिकेचा, असला तर तेथे एक विचित्र युद्ध सुरू होते. शरीराच्या संरक्षक पेशी त्या कणास गिळतात. परंतु त्याला पचविता न आल्याने स्वतःच मरतात आणि कण पुन्हा मोकळा होतो. मग दुसरी पेशी त्याला गिळते. ह्या झटापटीत फुफ्फुसाच्या कोमल जाळीत चट्टे पडत जातात, आणि ती राठ होते. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. बहुधा तो दहा-वीस वर्षांनी प्रकट होतो. धूळ फारच असेल, तर त्याच्याही आधी. आरंभी जिना चढताना दम लागतो. पुढे बसल्या जागी लागतो. गेलेले फुफ्फुस परत आणणारे औषध अद्याप सापडलेले नाही.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पाथरवटांच्या छातीच्या विकारांचे वर्णन आहे. रोग्यास विचारावयाच्या परंपरागत प्रश्नांत, “तुझा धंदा कोणता?” हा एक प्रश्न वैद्याने वाढविला पाहिजे, असे रामाझ्झिनीने सांगून ठेवले. तीनशे वर्षे लोटली, तरी हा प्रश्न सर्वत्र विचारला जातो असे नाही. सिलिकोसिसचा खोकला आणि क्षयाचा खोकला वरवर सारखेच भासतात. त्यामुळे दगड फोडणारे कित्येक कामगार वर्षानुवर्षे क्षयाचीच औषधे घेत राहतात. आणखी दुर्दैव असे की, सिलिकेने जखमी झालेल्या फुफ्फुसात क्षयाचे जंतू अधिक सहज घर करतात. राजस्थानात वाळूदगडाच्या खाणी फार आहेत. तेथे हा रोग इतका पसरला की, २०१९ साली त्या राज्यास त्यासाठी स्वतंत्र धोरण जाहीर करावे लागले.

मराठवाड्यातील काळ्या दगडात स्फटिकरूप सिलिकेचा अंश फार थोडा असतो, हे तेथील गवंड्यांचे भाग्य म्हणावयाचे. परंतु घराची सुधारणा आता काळ्या दगडापुरती राहिलेली नाही. वाळू, फरश्या आणि ग्रॅनाइट ह्यांनी खेड्यातल्या घरांतही प्रवेश केला आहे. स्वयंपाकघरातील ओट्यासाठी ग्रॅनाइटची लादी घरातच विजेच्या चक्रीने कापतात. दारे-खिडक्या मिटलेल्या असतात, पांढऱ्या धुळीचे लोट उठतात, आणि कापणाऱ्याच्या तोंडावर फार तर एक रुमाल असतो. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचा भाग चतुर्थांशाच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक असतो. ओट्यांसाठी जो कृत्रिम दगड तयार करतात, त्याच्या काही प्रकारांत तर तो नव्वद टक्क्यांहून जास्त असतो. हा कृत्रिम दगड कापणारे तरुण कारागीर थोड्याच वर्षांत आजारी पडू लागले, तेव्हा ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावरच बंदी घातली. ओट्याच्या चकाकीसाठी माणसाचे फुफ्फुस खर्ची घालण्यास तो देश तयार झाला नाही.

रुमाल किंवा उपरणे तोंडाला गुंडाळल्याने डोळ्यांस दिसणारी धूळ अडते, आणि आपण सुरक्षित आहोत असा भ्रम तेवढा उत्पन्न होतो. बारीक कण कापडाच्या वीणीतून आरामात आरपार जातात. त्यासाठी बारीक कण गाळणारी आणि चेहऱ्याला घट्ट बसणारी मुखपट्टी लागते. त्याहूनही उत्तम उपाय म्हणजे पाणी. कापण्याच्या जागी पाण्याची सतत धार सोडली, तर धुळीचा बहुतेक अंश जागच्या जागी चिखल होऊन खाली बसतो. मात्र पाण्याबरोबर चालविण्यासाठीच बनविलेले यंत्र वापरावे; साध्या विजेच्या यंत्रावर पाणी ओतणे म्हणजे एका संकटातून दुसऱ्या संकटात जाणे होय. लादी घरात न कापता उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून कापली, तरी पुष्कळ फरक पडतो. काम संपल्यावर कोरड्या झाडूने झाडू नये. आधी पाणी शिंपडावे. बायका अंगण झाडण्यापूर्वी सडा शिंपडतात, त्यांस हे निराळे शिकवावे लागणार नाही.

जुने माळवद काढून त्याजागी सिमेंटचे पत्रे घालण्याचीही पद्धत पडली. अशा पुष्कळशा जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा जागच्या जागी धड असेपर्यंत त्याचा उपद्रव कमी असतो. तो करवतीने कापताना, भोके पाडताना किंवा फोडून खाली टाकताना मात्र तंतू मोकळे होतात, आणि त्यांनी होणारा फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग तीस-चाळीस वर्षांनीही डोके वर काढतो. असा पत्रा उतरवावयाचाच असेल, तर तो भिजवून, न फोडता, अखंड उतरवावा.

आता गिलाव्याकडे वळू. कोरडे सिमेंट निरुपद्रवी राखेसारखे दिसते. पाणी पडताच ते चुन्याप्रमाणे दाहक बनते. कोबा करताना ओल्या सिमेंटवर गुडघे टेकून बसलेल्या कामगारास लगेच काही जाणवत नाही. वेदना काही तासांनी सुरू होते, आणि तोवर कातडी भाजलेली असते. “सिमेंटने हात खाल्ले,” असे गवंडी म्हणतात ते अक्षरशः खरे आहे. याशिवाय सिमेंटमधील क्रोमियमच्या अंशामुळे काहींना त्वचेचा असा विकार जडतो की, पुढे सिमेंटचा नुसता स्पर्शही सहन होत नाही, आणि हातातला धंदा सोडावा लागतो. डेन्मार्कने १९८३ साली सिमेंटमधील ह्या घातक क्रोमियमवर कायद्याने मर्यादा घातली. पुढे २००५ पासून युरोपातील इतर देशांतही ती लागू झाली. आपल्या गवंड्यास रबरी हातमोजे, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि दुपारी व संध्याकाळी हात धुण्यास भरपूर स्वच्छ पाणी एवढे मिळाले, तरी पुष्कळ झाले. डोळ्यात सिमेंट उडाल्यास तो चोळू नये. पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धूत राहावे, आणि तडक डॉक्टरांकडे जावे.

पट्ट्याचे काम छपराच्या खाली, म्हणजे उंचीवर चालते. बांधकामावरील मृत्यूंत उंचीवरून पडण्याचे अपघात सर्वांत अधिक घडतात. आणि त्यांतले सगळे काही दहाव्या मजल्यावरून होत नाहीत. दहा-बारा फुटांवरून डोक्यावर पडणे जिवावर बेतण्यास पुरेसे असते. घरच्या कामासाठी बांधलेली परांची बहुधा ओढूनताणून उभी केलेली असते: दोन बांबू, एक फळी आणि जुनी सुतळी. फळ्या दोन्ही टोकांस बांधलेल्या असाव्यात, उभ्या माणसाच्या कंबरेच्या उंचीला आडवा कठडा असावा, आणि परांचीचे पाय भुसभुशीत मातीत न रोवता फळीवर टेकलेले असावेत. रात्री पाऊस पडून गेला असेल, तर सकाळी दोऱ्या पुन्हा तपासल्याखेरीज वर चढू नये.

येथवर जे सांगितले, ते घर अधिक बळकट करणाऱ्या कामाविषयी. शहरांत मात्र सुधारणेच्या नावाखाली नेमके उलटे काम कधी कधी चालते. खोली मोठी दिसावी म्हणून मधली भिंत पाडतात, नळ नेण्यासाठी तुळईस खाच पाडतात, खांब छिलतात. ज्या भिंतीवर किंवा खांबावर वरचे मजले उभे आहेत, ती कोणती आणि नुसती आडोशाची कोणती, हे अभियंत्यास विचारल्यावाचून हातोडा उचलणे म्हणजे वरच्या सर्व कुटुंबांच्या जिवाशी खेळणे होय. जुलै २०१७ मध्ये मुंबईतील घाटकोपर येथे एक चार मजली इमारत कोसळून १७ माणसे मृत्यू पावली. त्या इमारतीच्या तळमजल्यावर फेरबदलाचे काम चालू होते. अशा प्रसंगी पहिला हातोडा ज्याच्या हाती असतो, तो मजूर रोजंदारीवर आलेला असतो. कोणती भिंत भार वाहते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि “पाडणार नाही” असे म्हणण्याची त्याची परिस्थितीही नसते.

बांधकामावर केवळ पुरुषच राबतात असे नव्हे. डोक्यावर घमेले घेऊन चढउतार करणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी असते. त्यांची तान्ही मुले जवळच झाडाला किंवा बांबूला बांधलेल्या झोळीत, त्याच धुळीत निजलेली असतात. १९६९ साली दिल्लीत राजघाटाजवळ बांधकाम चालू असता मीरा महादेवन यांनी अशा मुलांना पाहिले आणि तेथेच एक पाळणाघर सुरू केले. त्यातून ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था उभी राहिली. काम संपून मजूर दुसरीकडे गेले की, पाळणाघरही त्यांच्यामागून जावे, अशी ही कल्पना होती. एका घराच्या दुरुस्तीवर पाळणाघर कोण घालणार, हे खरे. परंतु घराची एक खोली, ओसरी किंवा निदान शेजारची सावली त्या झोळीला देणे कोणत्याही गृहिणीस अवघड नाही. उन्हाळ्यात तर सावली आणि पिण्याचे गार पाणी ही कामाची हत्यारेच समजली पाहिजेत. भर दुपारचे चार तास काम थांबवून सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरापर्यंत काम केले, तर भिंतीचेही हितच होते. कडक उन्हात लावलेला गिलावा भराभर सुकतो आणि तडकतो.

ह्या सर्वांसाठी कायदा नाही काय, असे कोणी विचारील. कायदा झाला आहे. संसदेने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर अल्पसा उपकर बसवून त्यातून कामगारांसाठी निधी उभारावा, वर्षातून किमान ९० दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराची नोंदणी व्हावी, त्याला आजारपणात, अपघातात आणि मुलांच्या शिक्षणासाठी साहाय्य मिळावे, अशी त्याची योजना होती. परंतु स्वतःच्या राहत्या घरासाठी केलेले, दहा लाख रुपयांपर्यंत खर्चाचे काम त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले होते. २०२० साली हा कायदा नव्या श्रमसंहितांत समाविष्ट करताना ही मर्यादा पन्नास लाखांपर्यंत वाढविण्यात आली. लहान घरमालकावर सरकारी कागदपत्रांचा बोजा पडू नये, हा त्यामागील हेतू वाईट म्हणता येणार नाही. त्याचा परिणाम मात्र असा की, ज्या कामावर घरच्या अंगणातच माणसे राबतात, तेथे परांची पाहावयास कोणताही निरीक्षक येत नाही. तेथे निरीक्षक, मालक आणि जबाबदार माणूस असा एकच असतो, आणि तो म्हणजे ज्याचे घर आहे तो.

काम ठरते तेव्हा गवंडी घरमालकास साहित्याची यादी करून देतो. सिमेंटच्या गोण्या, वाळूच्या पाट्या, सळईचे वजन, जाळी, खिळे, मजुरीचे दिवस, असे तीत लिहिलेले असते. त्याच यादीत टेकूंसाठी चार बल्ल्या, परांचीसाठी नवी दोरी व कठड्याचे बांबू, माणशी हातमोजे, बारीक धूळ अडविणाऱ्या मुखपट्ट्या आणि पाण्याचे एक पिंप एवढे लिहून घेतले, तर एकूण खर्चात पडणारी भर फार थोडी असते. पाण्याचे पिंप तर तसेही लागतेच. कारण जाळीवर केलेला सिमेंटचा पट्टा नीट कठीण व्हावयाचा असेल, तर त्यावर पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे लागते.